स्टेप टाकलेली बोट उसळते, वळणात मागून सटकते: पंखा बदलण्याआधी हवा तपासा

तक्रार जवळजवळ नेहमी अशीच येते. बोटीच्या तळाला स्टेप, म्हणजे आडवी पायरी, टाकून घेतली. ट्रायलला दोनच माणसं होती, बोट छान पळाली, वेग 3-4 नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वाढला. मग रविवारी घरचे सहा जण बसले, टाकी फुल केली आणि 28-30 नॉटच्या वर गेल्यावर बोट घोड्यासारखी उसळायला लागली. वळण घेतलं तर मागचा भाग बाहेर सटकला. सोमवारी परत दोघंच गेले, सगळं ठीक. मग इंजिनचा पंखा (प्रोपेलर) बदलला, इंजिन बसवायच्या बोल्टच्या भोकांत एक भोक वर घेतलं, आठवडाभर बरं वाटलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

मी रेवस-मांडव्याच्या बाजूला फायबरच्या बोटींचं काम करतो. हे दुखणं मी माझ्याच 24 फुटी बोटीवर भोगलंय: एक 200 हॉर्सपॉवरचा आउटबोर्ड (मागे बाहेर लटकणारं इंजिन), तळाचा व्ही मागे 20 अंशांचा, स्टेप माझ्या हातची. दोन हंगाम मी पंखे बदलण्यात घालवले. दोष पंख्यात नव्हता, स्टेपला हवा मिळत नव्हती. त्यानंतर अशा ज्या ज्या बोटी माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ हवेतच निघालं. म्हणून सांगतो, खिशात हात घालण्याआधी आणि ग्राइंडर लावण्याआधी हवा बघा.

स्टेप नेमकं काय करते

बोट पाण्यावर चढली, म्हणजे प्लेन झाली, की तळ पाण्याला खाली ढकलतो आणि पाणी बोटीला वर धरतं. हा आधार तळाच्या पुढच्या पट्ट्यात, जिथे पाणी पहिल्यांदा लागतं तिथे, जास्त मिळतो. त्यामागचा लांबच लांब ओला तळ उचलायला फारसा हातभार लावत नाही, घासत मात्र राहतो. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो आणि हे घासणंही जवळजवळ त्याच हिशेबाने वाढतं. स्टेप म्हणजे तळाला आडवी काढलेली पायरी. तिच्या धारेवरून पाणी सुटतं, थोडं अंतर तळाला लागत नाही आणि मागे जाऊन पुन्हा लागतं. एका लांब ओल्या पट्ट्याच्या जागी दोन आखूड पट्टे झाले. घर्षण कमी, आधार दोन ठिकाणी.

माझ्या बोटीचंच माप घ्या. पायरी 35 मिलिमीटरची. बोट अडीच अंश नाक वर करून पळत असेल तर कीलपाशी, म्हणजे तळाच्या मधल्या कण्यापाशी, पाणी साधारण 80 सेंटिमीटर मागे पुन्हा तळाला लागतं. चार अंशांवर हेच अंतर 50 सेंटिमीटरवर येतं. मधल्या मोकळ्या जागेत हवा असायला हवी, आणि ती बाजूने आत येते. पायरीच्या मागचं पाणी ती हवा सतत ओढून मागे नेतं, म्हणून नवी हवाही सतत यावी लागते. बाजूचं तोंड बंद झालं की तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, पाणी वर ओढलं जातं, पोकळी भरते आणि तळाचा मागचा भाग पाण्याला चिकटतो. मागचा भाग खाली, नाक वर. नाक वर गेलं, बाजू जराशी उघडी पडली, एकदम हवा घुसली, मागचा भाग सुटला, नाक खाली. परत तोंड बंद. तुम्हाला बोटीत बसून जे उसळणं जाणवतं ते हेच.

ही कल्पना पेट्रोलच्या बोटींपेक्षाही जुनी आहे. ससेक्समधल्या चार्ल्स रॅमस नावाच्या पाद्र्याने 1872 साली ती ब्रिटिश नौदलापुढे मांडली होती. जहाजांच्या मॉडेलांवर प्रयोग करणारे इंजिनियर विल्यम फ्रूड यांनी मॉडेलं ओढून पाहिली आणि त्या काळच्या इंजिनांत तेवढी ताकद नाही असा निष्कर्ष काढला. 1912 ची हार्म्सवर्थ ट्रॉफी ही मोटरबोटींची शर्यत जिंकणाऱ्या ‘मेपल लीफ 4’ या बोटीच्या तळाला एकामागोमाग एक अशा कितीतरी पायऱ्या होत्या. पहिल्या महायुद्धात थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने बांधलेल्या 40 फुटी टॉर्पेडो बोटी एका पायरीवर पळायच्या. पाण्यावरून उडणाऱ्या विमानाच्या तळालाही पायरी असतेच, तिच्याशिवाय पाणी त्याला सहजी सोडत नाही. मला यातली फ्रूड यांची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती आजही लागू आहे. ताकद आणि वेग नसेल तर पायरी नुसता अडथळा. तुमची बोट प्रवासी घेऊन 18-20 नॉटने फिरत असेल तर स्टेप टाकू नका. त्या वेगाला पायरीमागे पाण्याचा भोवरा फिरत राहतो आणि पेट्रोल उलट जास्त जातं. बोट रोजच्या भाराने 30 नॉटच्या वर आरामात पळत असेल तरच हा खर्च करावा, असं माझं मत आहे.

कागदाची परीक्षा

हवा पोचते की नाही हे बाहेरून दिसत नाही. मी जे करतो ते सांगतो.

बोट वर काढलेली असताना पायरीच्या लगेच मागे, कीलपासून चार बोटं बाजूला, तळातून अर्ध्या इंचाचा थ्रू-हल (तळातून आरपार जाणारी नळीची फिटिंग) घ्या. त्यावर लगेच बॉल व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हपासून उभी नळी, जिचं वरचं तोंड पूर्ण भरलेल्या बोटीच्या पाणरेषेच्याही हातभर वर येईल. ही उंची सोडू नका, नाहीतर उभ्या बोटीत व्हॉल्व्ह उघडताच पाणी आत येईल. थ्रू-हलच्या भोकाची कड रेझिनने नीट सील करा.

आता पाण्यात जा. एक जण फक्त सुकाणू धरणारा, दुसरा फक्त नळीपाशी. 30 नॉटला व्हॉल्व्ह उघडा आणि नळीच्या तोंडावर टिश्यू पेपरचा तुकडा धरा. कागद सैल फडफडला तर पायरीमागे हवा पुरेशी आहे. कागद खेचला जाऊन तोंडावर घट्ट बसला तर पायरी उपाशी आहे.

माझ्या बोटीत दोन माणसं असताना कागद नुसता हलत होता. मग मी 20 लिटरचे पाण्याचे बारा जार आणले, प्रत्येक 20 किलोचा, आणि माणसं बसतात तिथेच ठेवून बांधले. टाकी फुल केली. धरमतर खाडीच्या तोंडापाशी सकाळी भरती पुरी होऊन पाणी थांबलं होतं, वारा नव्हता. 28 नॉटला उसळणं सुरू झालं, नळीपाशी बसलेल्या पोराने व्हॉल्व्ह उघडला आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा सुस्स आवाज आला. कागद हातातून सुटून नळीत गेला. आणि त्या अर्ध्या इंचाच्या भोकातून हवा जायला लागल्यावर उसळणं निम्म्यावर आलं. व्हॉल्व्ह बंद केला, परत सुरू. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तसंच. दोन हंगामांचं कोडं दहा मिनिटांत सुटलं.

चूक अशी होती: बाजूच्या हवेच्या खाचा मी चाइनपासून (तळ बाजूच्या भिंतीला मिळतो ती कड) फक्त 60 मिलिमीटर वर काढल्या होत्या. हलक्या बोटीत त्या उघड्या राहायच्या. भार वाढला की बोट खोल बसायची आणि चाइनवरून उडणारा पाण्याचा पडदाच त्या खाचांवर यायचा. उपाय म्हणून दोन्ही बाजूंना फायबरची बंद नाळी करून तिचं तोंड चाइनपासून 25 सेंटिमीटर वर नेलं, तोंड मागे वळवलं म्हणजे पुढून उडणारं पाणी आत शिरणार नाही. नाळीचं आतलं क्षेत्रफळ मूळ खाचेपेक्षा कुठेही कमी होऊ दिलं नाही. चांगलं दिसावं म्हणून काही जण पायरी रबरी पट्टीच्या किंवा स्प्रे रेलच्या (उडणारं पाणी अडवणाऱ्या पट्टीच्या) आतच संपवतात. तसं असेल तर परीक्षा करायचीही गरज नाही, तिथे वाट बंदच आहे.

एक खबरदारी. या ट्रायलला सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट, किल स्विचची दोरी सुकाणूवाल्याच्या मनगटाला, आणि बोटीत पाहुणे किंवा लहान मुलं नकोत. आपल्या खाडीत डोल जाळ्यांचे खांब आणि बार्जांची ये-जा असते. मोकळा पट्टा आधी हळू फिरून बघून घ्या.

हवा ठीक आहे तरी उसळते

मग धार बघा. पायरीची मागची कड चाकूसारखी धारदार, काटकोनी असायला हवी. फायबरवाल्यांना कडा गोल करायची सवय असते, कारण गोल कडेवर मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) नीट बसते आणि जेलकोट (सगळ्यांत वरचा गुळगुळीत थर) उडत नाही. इथे तीच सवय नडते. गोल कडेवरून पाणी सुटत नाही, वळून पायरीच्या उभ्या भिंतीला चिकटत वर जातं. अंगठ्याचं नख कडेवरून फिरवा, नख अडकलं पाहिजे. मग स्टीलची पट्टी तळाला लावून मागून मोबाइलचा टॉर्च धरा. कडेपाशी पट्टीखालून उजेडाची चीर रुंद होत गेली तर कड गोल आहे. दुरुस्ती सोपी: पॅकिंग टेप लावलेली लाकडी पट्टी पायरीच्या उभ्या भिंतीला दाबून बसवायची, जाड केलेलं इपॉक्सी पुढून भरायचं, सुकल्यावर फक्त तळाच्या बाजूने घासायचं. भिंतीच्या बाजूने पॉलिश पेपर लावूच नका. ट्रेलरवर चढवतानाही ही धार तुटते, म्हणून ट्रेलरच्या फळ्या पायरीवर येत नाहीत ना ते बघा.

पुढचं माप तळाच्या सरळपणाचं. जुन्या बोटीला स्टेप टाकताना तळ कापणं मला पटत नाही. मी पायरीच्या पुढे तळ हळूहळू जाड करत आणतो. आत पीव्हीसी फोम, वर फायबर, शून्यापासून 35 मिलिमीटरपर्यंत, 1.2 मीटर लांबीत. म्हणजे उतार दीड अंशाहून थोडा जास्त. हीच जाडी 60 सेंटिमीटरमध्ये आणली तर उतार तीन अंशांच्या वर जातो, बोट त्या एका उंचवट्यावर लोळायला लागते आणि हवा कितीही दिली तरी नाक खालीवर होत राहतं. माझ्याकडे आलेल्या बोटींत हा दोष दुसऱ्या क्रमांकाचा. याला पुट्टीचा इलाज नाही, उंचवटा काढून लांब करावा लागतो.

पायरीपासून ट्रान्समपर्यंतच्या (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपर्यंतच्या) तळालाही लांब सरळ पट्टी लावा. शेवटच्या दीड मीटरमध्ये तळ बाहेर फुगलेला असेल तर बोट उसळते, आत पोकळ असेल तर नाक दाबलं जातं आणि वेग पडतो. तीन मिलिमीटरचा फरकही जाणवतो. पावसाळाभर बोट दोन ठोकळ्यांवर ठेवली असेल तर ठोकळ्यांच्या जागी तळ दबलेला मी स्वतः पाहिलाय.

वजनाची परीक्षा जारांनीच होते. चार जार, म्हणजे 80 किलो, मागून उचलून दीड मीटर पुढे ठेवा. उसळणं थांबलं तर बोटीचं वजन मागे पडतंय. स्टेपच्या बोटीला पाण्याचे दोन टेकू असतात, एक पायरीच्या पुढे, एक ट्रान्समपाशी, आणि वजनाचा मध्य त्यांच्या मधे पडायला हवा. बॅटऱ्या, नांगर, साखळी पुढे नेऊन पुष्कळदा काम होतं.

वजनामुळे आणि हवेमुळे होणाऱ्या उसळण्यांमधला फरक तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, पायांखाली कळतो. वजनाचं उसळणं झोपाळ्यासारखं एका लयीत असतं आणि इंजिनचा ट्रिम (मागेपुढे करायचा कल) आत घेतला की कमी होतं. हवेच्या उपासमारीचं उसळणं बेतालं असतं, मधेच कोणी ब्रेक लावल्यासारखा हिसका बसतो. ट्रिम आत घेतला तर ते बऱ्याचदा वाढतं.

इंजिन हवा खातंय

याच्या उलटही होतं. हवा भरपूर येते, पण पुढे जाऊन पंख्यात शिरते. इंजिनचा आवाज एकदम चढतो, बोट मात्र ढकलली जात नाही. याला सगळे कॅव्हिटेशन म्हणतात. ते वेगळं असतं, त्यात पंख्यावर पाणीच उकळल्यासारखे बुडबुडे धरतं. इथे पंखा बाहेरची हवा खातोय. इंजिन एक भोक खाली घ्या, आणि तेवढ्याने भागलं नाही तर चार पात्यांचा पंखा लावून बघा. स्टेप टाकल्यावर बोट पाण्यात वेगळ्या उंचीवर पळते, त्यामुळे इंजिनची जुनी उंची बरोबर असेलच असं नाही. पूर्ण भार आणि हलका भार, दोन्हीत बघूनच उंची ठरवा.

याच हवेमुळे थंड करणारं पाणी कमी पडतं. वेगात असताना मागे बघा, इंजिनच्या पाण्याची पिचकारी तुटक पडत असेल तर लगेच वेग कमी करा. अलार्म वाजेपर्यंत थांबू नका. खोली मोजणाऱ्या यंत्राचा सेन्सर पायरीच्या रेषेत मागे असेल तर तोही वेगात आंधळा होतो. त्याला पायरीच्या पुढे जागा द्या.

वळण

हे मी सगळ्यांत कळकळीने सांगतो, कारण उसळणाऱ्या बोटीत कंबर दुखते, सटकणाऱ्या बोटीतून माणूस बाहेर फेकला जातो. वळताना बोट आतल्या बाजूला कलते, त्या बाजूचं हवेचं तोंड पाण्यात जातं. तळाची एक बाजू चिकटते, दुसरी मोकळी. त्यातच घाबरून कोणी थ्रॉटल एकदम ओढून घेतला की नाक खाली जातं, पुढचा भाग पाण्यात रुततो आणि मागचा भाग त्याच्याभोवती फिरतो. वाळूवर सायकलचा पुढचा ब्रेक दाबल्यावर होतं तसंच.

स्टेपच्या बोटीत वेग वळणाच्या आधी कमी करायचा, ट्रिम फार आत घ्यायचा नाही, आणि वळणात थ्रॉटल स्थिर ठेवायचा. साध्या व्ही तळाच्या बोटीवर वर्षानुवर्षं हात बसलेल्या तांडेलाला हे मुद्दाम शिकवावं लागतं, त्याचा हात जुन्याच सवयीने चालतो. नाळीचं तोंड वर नेल्यावर माझी बोट वळणात पुष्कळ सुधारली, तरी 30 नॉटला सुकाणू मोडून वळवायची बोट ती नाही, आणि मी ती कुणाला तशी वळवू देत नाही.

तडे परत परत येतात

पायरीच्या कोपऱ्यात जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसले आणि भरल्यावर महिन्याभरात परत आले, तर वरून भरणं थांबवा. नाण्याने ठोकत जा. चांगल्या जागी टणटण वाजतं, सुटलेल्या जागी भद्द आवाज येतो. लाटांचा मार याच रेषेवर बसतो, त्यामुळे आतून पायरीच्या वर आडवी बैठक, म्हणजे फायबरने बांधलेली फ्रेम, हवीच. जुन्या पॉलिस्टरवर नवं पॉलिस्टर रसायनाने जुळत नाही, नुसतं खरखरीत पृष्ठभागाला धरून राहतं. म्हणून 36 किंवा 40 नंबरच्या डिस्कने जेलकोट पूर्ण काढा, एसीटोनने पुसा, कडेला जाडीच्या बारापट लांबीचा उतार द्या आणि जोडाला इपॉक्सी वापरा.

आपल्याकडे मासेमारीबंदीत, 1 जून ते 31 जुलै, बोटी वर असतात आणि सगळी कामं तेव्हाच निघतात. हा काळ फायबरला वाईट. ओला तळ ताडपत्रीखाली सुकलेला दिसतो पण आत ओल असते, आणि त्यावर मारलेली मॅट दिवाळीपर्यंत सुटते. जमलं तर स्टेपचं काम एप्रिलमध्ये घ्या. पॉलिस्टर वापरणार असाल तर कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मगच हार्डनर घाला. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका उडतो.

बोट महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे नोंदलेली असेल तर तळाला हात लावण्याआधी सर्व्हेअरला आणि विमावाल्यांना कळवा. तळ बदलला म्हणजे बोट बदलली.

माझ्या बोटीचं शेवटचं सांगतो. नाळ्या वर नेल्यावर अख्खा हंगाम ती सहा माणसांना घेऊन नीट पळाली. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये पाण्यात टाकली आणि पहिल्याच दिवशी तोच हिसका. मी हबकलो. व्हॉल्व्ह काढला नव्हता, म्हणून लगेच कागद धरला: खेचला गेला. डाव्या नाळीत टॉर्च मारला तर आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, नाळी जवळजवळ पाऊण बंद. तारेने माती काढली, पाण्याने धुतली, संध्याकाळी बोट पूर्वीसारखी. आता बोट वर काढली की दोन्ही तोंडांना कापडाची बोंडं घालतो आणि दोन्ही बोंडं एकाच लाल दोरीने सुकाणूला बांधून ठेवतो, म्हणजे ती काढल्याशिवाय कुणाला बोट चालवता येत नाही.